खिडकीखालचा गुलाब

बागेत मुंगी शिरायला जागा नव्हती. गुलाबांच्या वाफ्यांभोवती अख्खी गल्ली टाचा उंचावून उभी, आणि मधोमध दवबाबा. घोळदार बाह्या, ओली दाढी, मागे झारी धरलेला चेला. त्यांनी काळ्या ठिपक्यांचं एक पान तोडलं, मुठीत धरलं, फुंकर घातली.

"काळा ठिपका, काळी नजर,
परक्या पोरीचा आत वावर!"

मूठ उघडली, तर पान हिरवंगार! बायांनी तोंडाला पदर लावले.

ती परकी पोर, म्हणजे घरची सून, मागच्या खोलीच्या गजांमागून हे बघत होती. दाराला बाहेरून कडी. गुलाबांची पानं ठिपक्यांनी पिवळी पडून गळू लागली, तेव्हा बाबांनी निदान केलं होतं, "नव्या सुनेची नजर!" तेव्हापासून दिवस उजाडला की सासूबाई तिला आत कोंडत. दार लावलं की नजर आत राहते, असा हिशेब. खिडकीचा विचार कुणालाच सुचला नव्हता. सासूबाई दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आणि घाबरलेल्या माणसाने लावलेली कडी फार घट्ट बसते. नवरा दूर बोटीवर. वडील गेले, त्यांची रोपवाटिका गेली, तसं माहेरही गेलं. चार भिंती रोज वीतभर जवळ सरकत.

"माई," दवबाबा सासूबाईंना म्हणाले, "आजच्या आज हिला घराबाहेर काढा. पानं वाळली, आता माणसं वाळतील!"

सासूबाई पुढे आल्या. "पण बाबा, कुठे जाईल हो ती?"

"वाळलेल्या फांदीला कुणी विचारतं का, कुठे जाशील म्हणून?"

सुनेने गज घट्ट धरले. ती आतून ओरडली.

"सासूबाई, माझ्या खिडकीखालचं झाड बघा. दिवसभर माझी नजर त्याच्यावरच. त्याला का नाही एकही ठिपका?"

माना वळल्या. छज्ज्याखाली तो गुलाब तजेलदार उभा होता.

"तिथे माझ्या झारीतलं तीर्थ पडतं!" बाबा गरजले.

"तिथेच तर पडत नाही! छज्ज्याआड तुमची झारी पोचत नाही. त्याच्या मुळाशी मी सकाळी माझ्या तांब्यातलं पाणी सोडते, पानं कोरडी राहतात. बाकीच्या झाडांना तुम्ही रोज संध्याकाळी नखशिखान्त न्हाऊ घालता, रात्रभर पानं ओली. वर गळलेली पानं तीर्थाची म्हणून बुंध्याशी राखून ठेवता. ही बुरशी आहे, सासूबाई. ओल्या पानावर रुजते, पडलेल्या पानातून पुन्हा उडते."

"मग हे पान बरं कसं झालं, शहाणे?"

"बरं झालं नाहीच. ठिपका पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं. हे हिरवं पान तुमच्या चेल्याने सकाळी माझ्या खिडकीखालून तोडलं, मी पाहिलंय. असं करा, पान तोडू नका. फांदीवरच बरं करून दाखवा."

बाबांनी डोळे मिटले. "देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची कोण घेतंय? तुमचीच घेतोय!" मागून गल्लीतले शिंपीकाका पुढे घुसले. "आणि काय हो, बाहीच्या आत तो खिसा माझ्याकडून शिवून घेतलात, रुमालासाठी म्हणून. बघू तरी रुमाल!"

त्यांनी बाबांची बाही धरून झटकली. काळ्या ठिपक्यांचं चुरगळलेलं पान सासूबाईंच्या पायाशी पडलं. गर्दीतून हसू फुटलं, आणि त्या हशात चेला झारी टाकून पसारही झाला. बाबा त्याच्यामागे.

सासूबाई किती तरी वेळ ते पान न्याहाळत राहिल्या. मग खोलीपाशी आल्या. कडी निघाली, दार उघडलं. तरी सुनेचे पाय उंबऱ्यात अडले. कोंडलेपण कडीबरोबर निघत नाही.

"काय करायचं गं आता?" त्यांनी खालमानेनं विचारलं.

"रोगट पानं खुडायची, पडलेली वेचून जाळायची. दाट फांद्या छाटायच्या, वारा खेळू द्यायचा. पाणी सकाळी, मुळाशी. नव्या पालवीवर बुरशीचं औषध. झाडं वाचतील."

"आणि तू?"

तिने उंबरा ओलांडला. उन्हात उतरली, डोळे दिपून क्षणभर थांबली, आणि पहिल्या झाडाशी वाकली. थोड्या वेळाने सासूबाईही शेजारी वाकल्या.

बाबांनो, बायांनो, बुरशीला औषध आहे. पण आपल्या दुःखाचं खापर कुणी घरातल्याच माणसावर फोडू लागला, तर कडीला हात घालण्याआधी एवढंच म्हणा, "आधी सिद्ध कर." ज्याला ते जमत नाही, त्याच्या शब्दावर कुणाचंही दार बंद करू नका.