उत्कर्षाचा डबा

डब्याचं झाकण घट्ट बसत होतं... असला स्टीलचा डबा फुकटात कोण देतं, हा विचार करिमाच्या मनात विसळताना आला आणि मग गेलाच नाही. काल ती उत्कर्षा बारामतीहून लोणी देवकरच्या कारखान्यात आली होती — कामगारांसाठी आरोग्य योजना घेऊन — आणि पोती शिवणाऱ्या साऱ्या बायकांना सोडून बेसनाच्या लाडवांनी भरलेला हा डबा दिला तो करिमाच्याच हातात. का बाई, माझाच एवढा पुळका का? मी मुकादम म्हणून? की मी मान हलवली की सगळ्या सह्या करतात, हे हिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं...

‘ताई, पगारातून काही कापायचं नाही, उलट हातात जास्तच येईल.’ जास्त? ते कुणाच्या खिशातून? दवाखान्याचं नाव विचारलं तर म्हणाली, सगळेच मोठे. आणि निघताना, चप्पल घालता घालता — जुनं सरकारी दवाखान्याचं कार्ड तेवढं जमा करावं लागेल हं. मेली एवढी मोठी गोष्ट बसून का नाही बोलली? त्याच कार्डावर अफजलचं, करिमाच्या नवऱ्याचं, अपेंडिक्स फुकटात निघालं होतं.

पण करिमाच्या हाताखालची ठमाबाई... तिला मशीनची सुई दिसेनाशी झाली होती. कार्डावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख लांबची मिळालेली, आणि उत्कर्षा म्हणत होती पुढच्याच आठवड्यात. तोवर सुई करिमाच ओवून द्यायची, साहेबाला दिसू नये म्हणून पाठ आड करून. एक दिवस त्याला कळणारच होतं आणि ठमाबाईचं काम जाणार होतं.

तरीही डबा परत करायचा आणि योजनेला नाही म्हणायचं, हे तिनं ठरवून टाकलं. पण रिकामा? हात तिथंच अडला. भांडं कुणाचंही असो, रिकामं परत पाठवायचं नाही. अम्मी पाठवत नव्हती, करिमाच्यानंही होईना. चिडूनच तिनं मूठभर साखर आत टाकली.

कारखान्याच्या दारात ठमाबाई वाटच बघत होती. डबा तिनं हातातून घेतलाच, झाकण उघडून बोटांनी चाचपलं, बोट जिभेला लावलं, आणि तिचं तोंड उजळलं.

“साखर घातलीस? म्हंजी व्हय म्हणायचं ठरलं तुझं! कालपासनं जीव टांगणीला हाय माझा, म्हणलं करिमा न्हाय म्हणती का काय.”

अगं, ती रीत म्हणून घातली... शब्द ओठापर्यंत आले, पण ठमाबाईनं साखरेच्या चिकट बोटांनी तिचं मनगट गच्च धरलं होतं. आतापर्यंत संशय त्या उत्कर्षाचा होता — तो काही कमी झाला नव्हता — पण आता करिमाला आपल्याच हाताचा संशय यायला लागला. रीतच होती ना? का आपल्यालाही आतून वाटत होतं, की उत्कर्षाचं बोलणं खरं निघावं एकदाचं, आणि नाही म्हणायचं पाप आपल्यावर येऊ नये?

“ठमाबाई, ऐक जरा,” ती म्हणाली.

“बोल की,” म्हणत ठमाबाईनं हसरं तोंड वळवलं, पण नजर करिमाचा चेहरा शोधत तिच्या खांद्यापलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिथं गेली.