बोट टेकडीवर का थांबली

मित्रांनो, बोटघराच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला हा काळपट, जाड दोर दिसतो ना, तो मी. आता मला कोणी हात लावत नाही. जीवरक्षक बोट ओढायला ट्रॅक्टर आला, आणि माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. जाळी म्हणजे मासे धरायची नव्हे, आठ पायांच्या कोळ्यांची. असो. पण एके काळी थंड समुद्राकाठच्या सँडरिग गावच्या बायकांचे सगळे बळ माझ्यातून वाहत होते.

माझा जन्म दोर वळणाऱ्यांच्या लांबलचक छपराखाली झाला. एक म्हातारा कमरेला तागाचा भारा बांधून उलटा उलटा चालायचा आणि त्याच्या बोटांतून माझा एकेक धागा निघायचा. धाग्यांचे पेड झाले, तीन पेडांना पीळ देऊन मी झालो. मग मला डांबर पाजले. निघताना म्हाताऱ्याने मला थोपटले आणि म्हणाला, "ह्याला ओला झोपवू नका म्हणावं." मला सँडरिगला आणणाऱ्या गाडीवानाने मान डोलावली आणि वाटेतच ते विसरला.

सँडरिगची रीत मोठी मजेची होती. पुरुष मासेमारीला निघाले आणि वाटेत बाई आडवी आली, तर तो अपशकुन. पुरुष तसाच घरी परतायचा. पण वादळात बुडत्या माणसांना वाचवायला ती अवजड बोट पाण्यापर्यंत न्यायची असली, की बायकाच हव्यात! पुरुष बोटीत बसून वल्ही मारणार. त्यांची शक्ती त्यासाठी राखून ठेवायची. म्हणून चाकांच्या गाड्यावर ठेवलेली बोट ओढायची गावच्या बायकांनी. पगार नाही, मानधन नाही. हाक आली की शिंपले सोलायचे टाकून धावायचे.

"कामापुरता मामा!" असे त्यांची म्होरकी मेग रटर पुरुषांच्या तोंडावर म्हणायची. "एरवी आमचं तोंड दिसलं की दिवस वाया, आणि वादळ आलं की म्हणे, मेगबाई, तेवढा दोर धरा!"

मेग नेहमी माझ्या पुढच्या टोकाला असायची. अगदी शेवटी असायची तिची सून नेल. नेल शेतावरची पोर, डोंगरापलीकडची. तिला शिंपले सोलता येत नव्हते आणि मासळीच्या वासाने तिला मळमळायचे. सासूसुनेचे सख्य विळ्याभोपळ्याचे.

"शेवटी उभी राहा," मेग तिला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "निदान कोणाच्या पायात तरी येणार नाहीस."

त्या वर्षी उन्हाळ्यात गावचा जत्रेसारखा दिवस होता. बायका विरुद्ध पुरुष अशी रस्सीखेच झाली, अर्थात मला घेऊन. बायका जिंकल्या. मी अभिमानाने फुगलो होतो, तेवढ्यात पाऊस आला. सगळ्या हसत खिदळत चहा प्यायला आणि तव्यावरचे मनुक्यांचे केक खायला पळाल्या. मला कोणीतरी चिखलासकट बोटघरातल्या पेटीत कोंबले. मला उन्हात पसरायचे काम ह्या बाईला वाटले त्या बाईने केले, त्या बाईला वाटले हिने केले. बारभाईचा कारभार!

अंधारात, ओलाव्यात, माझ्या एका टोकाजवळ काहीतरी सडू लागले. मला ते कळत होते. पण दोराला तोंड कुठे असते? त्या हिवाळ्यात बोटीला एकदाही हाक आली नाही. मी आतून मऊ होत गेलो, आणि गावाला वाटले, पेटीत आहे म्हणजे जागेवर आहे.

मग मार्चमधला तो दिवस उजाडला. सकाळी समुद्र तळ्यासारखा होता. जेवणवेळेला वारा फिरला. एकेक होडी धडपडत परत आली. एकच आली नाही. ती होती राल्फ रटरची. मेगचा नवरा राल्फ आणि मुलगा एडी, म्हणजे नेलचा नवरा, दोघेही तिच्यात होते. होडी किनारा जिथे समुद्रात घुसतो त्या टोकाच्या खडकांवर आपटून फुटली होती आणि दोन माणसे खडकाला धरून असलेली दिसत होती.

गावासमोर लाटा इतक्या उंच होत्या, की बोट तिथून लोटणे शक्यच नव्हते. ती वाळूच्या टेकडीवरून पलीकडच्या आडोशाच्या खाडीत न्यायला हवी होती.

"दोर काढा!" मेग ओरडली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मला पेटीतून उपसले. बघायला वेळ कोणाला होता? चढावर माझे चांगले टोक गाड्याला बांधले गेले. सडलेले टोक पुढे मोकळे लोंबत होते. त्यामुळे चढ पार पडला. बायकांच्या मुठी, लोकरीचे हातमोजे, फुटलेली बोटे, सगळे माझ्यावर आवळले होते. डॉली नावाची जाडजूड बाई धापा टाकत म्हणत होती, "ओढा गं, ओढा! मेल्यावर झोपायचंच आहे!"

टेकडीवर पोचल्यावर खरी भीती सुरू झाली. उतारावर गाडा ओढायचा नसतो, मागून धरून ठेवायचा असतो. बायका मागे रेलून टाचा रोवतात आणि गाडा हळूहळू सोडतात. पुढे सहा पुरुष दांडी धरून त्याला दिशा देतात. दोर तुटला तर ते सहाही जण चाकांखाली.

आणि घाईत गाड्याच्या मागच्या कडीला बांधले गेले माझे सडके टोक.

गाड्याला सगळ्यांत जवळ या वेळीही नेलच होती. गाडा उतरू लागला. माझा एक पेड तुटला. वाऱ्यात कोणाला ऐकू आले नाही. दुसरा ताणला. मी जीव एकवटून धरून राहिलो, पण मित्रांनो, जीव एकवटला म्हणून सडलेला धागा घट्ट होत नाही.

नेलचा हात माझ्यावरून सरकला आणि तिचा अंगठा आत रुतला.

"थांबा!" ती किंचाळली. "दोर कुजलाय!"

"थांबायचं नाही!" मागून मेग ओरडली. "माझा नवरा आहे तिथे!"

"माझाही आहे!" असे म्हणत नेलने मला सोडले, वाळूत पडलेला एक ओंडका उचलला आणि चाकाखाली घातला. गाडा हिसका देऊन थांबला. दोन्ही चाके वाळूत रुतली.

मेग धावत आली. तिने सुनेवर हात उगारला. नेलने फक्त तळहात पुढे केला. त्यावर माझा तपकिरी, कुजका लगदा होता.

मेगचा हात खाली आला. "सुरी," ती म्हणाली.

नेलने खिशातून शिंपले उघडायची सुरी काढली आणि मला कापले. दुखले, पण तिचा मला राग आला नाही. मेगने उरलेले टोक कडीला बांधले. मग रुतलेली चाके हातांनी उकरायची होती. बायका गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होत्या आणि एकीचीही नजर समुद्राकडे वळत नव्हती. तिकडे बघायची कोणाची छाती नव्हती.

गाडा पुन्हा हलला. या वेळी मी तसूभरही ढळलो नाही. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात शिरून बायकांनी बोट सोडली.

बोट परतली तेव्हा तिच्यातून एडी उतरला. एकटाच.

मेगने त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळले. तो थरथरत सांगू लागला, "आई, बाबांनी बराच वेळ खडक धरून ठेवला होता गं. बोट टेकडीवर दिसली ना, तेव्हा ते हसले होते. मग ती थांबली. बाबा म्हणाले, का थांबली रे? आणि पुढच्या लाटेत..."

नेल पांढरीफटक पडली. सगळ्या बायका तिच्याकडे आणि मेगकडे आळीपाळीने बघत होत्या.

"मी थांबवली," नेल कशीबशी म्हणाली.

"गप्प बस," मेग म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून बोलली, "हिने थांबवली म्हणून सहा घरं वाचली. बोट कशामुळे थांबली ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. रस्सीखेचीच्या दिवशी दोर ओला टाकून चहा प्यायला सगळ्यांत आधी मीच पळाले होते."

तिने आपली शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली आणि तिथेच वाळूत बसून मोठ्याने रडली. मेगला रडताना सँडरिगने पहिल्यांदाच पाहिले. नेल तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने मेगने तिचा हात धरला.

पुढे कितीतरी वर्षे मी बोट ओढली. प्रत्येक वेळी मला गोड्या पाण्याने धुऊन, बोटघराच्या कठड्यावर पसरून मगच बायका घरी जात. नेल म्होरकी झाली तेव्हा एकदा एक नवी पोर कुरकुरली, "उद्या वाळवला तर काय बिघडेल?" नेल तिच्यावर रागावली नाही. तिने नुसते टोकाच्या खडकांकडे बघितले. पोरीने मुकाट्याने माझे दुसरे टोक उचलले.

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत, गावात माझ्यासारखे मुके सोबती असतील. एखादी शिडी, विहिरीचा रहाट, नावेचे वल्हे. काम झाल्यावर त्यांच्याकडे दोन मिनिटे बघा. ते काम सगळ्यांचे आहे असे वाटले, तर ते तुमचेच आहे असे समजा. राल्फने विचारले होते, का थांबली रे? उत्तर ऐकायला तो उरला नव्हता.