सांधेबाबांची बरणी

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुबड्या भिंतीला, चपला जिन्यात, माना उंच. टेबलावर काचेची बरणी, बरणीत कोमट पाणी आणि पाण्यात एक स्क्रू. पंधरा दिवसांपूर्वी तो चकचकीत होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आज सांधेबाबांनी तो चिमट्याने वर काढला तर त्यावर पांढराशुभ्र, खडबडीत थर. थेट हाडासारखा!

"लोखंडाला आली साय, मोडक्याला फुटला पाय!" बाबा गायले. "धातूवर हाड उगवतं, मग तुमच्या जित्या देहात का नाही? रोज दोन चमचे हे पाणी घ्या. कापाकापी कशाला? हाडाला हाक मारा, हाड ओ देतं!"

हाडाआधी पहिल्या रांगेतून भट्टीवाल्यानेच ओ दिली.

शरीरात बसवायच्या धातूच्या खुब्यांवर नि स्क्रूंवर काचेचा लेप चढवणं, हे या भट्टीवाल्याचं काम. काचेची भुकटी फवारायची, भट्टीत वितळवायची आणि मग तान्ह्या बाळाला निजवावं तशी भट्टी हळूहळू निववायची. घाई केली की लेपाला तडे. बावीस वर्षं तो हे करत होता. तो लेप अंगात जाऊन पुढे काय करतो, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नव्हतं. गंज लागू नये म्हणून असेल, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

बरणीतला स्क्रूही त्यानेच दिलेला, बाद मालाच्या डब्यातला. बाबांनी भक्तांकडे एकेक स्क्रू मागितला होता. सुताराचा त्यांनी "यात राग आहे" म्हणून परत केला, लोहाराचा "यात लोभ आहे" म्हणून. भट्टीवाल्याचा मात्र कपाळाला लावला. "बेटा, तुझ्या हातात पुण्याई आहे!" झालं. भट्टीवाला हरभऱ्याच्या झाडावर चढला तो उतरायचं नावच घेईना. चहाचा कप उचलतानाही तो आपल्या बोटांकडे कौतुकाने बघू लागला.

अशात त्याची थोरली बहीण न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "दोन दिवसांत ऑपरेशन. अशाच पडून राहिल्या तर हाड राहील बाजूला, छातीचं दुखणं घेऊन जाईल." पण हॉलमधून बाटली भरून भट्टीवाला तडक दवाखान्यात पोचला होता. ताईने सहीचा कागद पालथा घातला.

"पाण्याने हाड येतं म्हणतोस?"

"अगं ताई, या डोळ्यांनी पाहिलंय!"

"मग मी अंगात धातू कशाला घालून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी ताईसाठी खास बरणी लावायची म्हणून भट्टीवाल्याने कारखान्यात बाद मालाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात मागून चाचणीवाल्या बाई आल्या.

"काय हो, काय हरवलंय?"

त्याने छाती फुगवून सगळं सांगितलं, हातातल्या पुण्याईसकट. बाई हसल्या नाहीत. "या," म्हणाल्या. चाचणीची खोली भट्टीपासून वीस पावलांवर, पण तिथे तो कधी गेला नव्हता. बाईंनी एक ऊबदार कपाट उघडलं. आत चाळीसेक बरण्या. प्रत्येकीत एक स्क्रू, प्रत्येक स्क्रू पांढराशुभ्र.

भट्टीवाल्याचे हात आपोआप जोडले गेले. "इथे पण बाबा येतात?"

"इथे मी येते. साडेनऊला, डबा घेऊन." बाईंनी एक बरणी उजेडात धरली. "खिडकीची काच पाण्यात तशीच राहते. तुमची ही काच थोडी थोडी विरघळते. या पाण्यात रक्तातल्यासारखे क्षार आहेत आणि अंगाएवढी ऊब. काच विरघळता विरघळता वर हा थर धरतो, हाडातल्या खनिजाच्या जातीचा. अंगात गेल्यावर खरं हाड या थराला येऊन बिलगतं, म्हणून धातू ढिला होत नाही. प्रत्येक घाण्यातला एक स्क्रू मी असा बुडवून बघते."

"म्हणजे हे हाड नव्हे?"

"नुसता थर. हाड शरीर बांधतं, बरणी नाही. पाणी पिऊन फक्त तोंड खारट होतं."

"आणि माझ्या हातातली पुण्याई?"

"ती असती तर लेपाला तडे कशाला गेले असते?" बाईंनी बरणी कपाटात परत ठेवली. "तुमच्या बाबांच्या डाव्या भुवईवर व्रण आहे का हो? सहा वर्षांपूर्वी असा एक जण इथे बरण्या धुवायला होता."

व्रण होता.

संध्याकाळी बाई हॉलमध्ये उभ्या राहिल्या, हातात बरणी. "पडताळ्यासाठी मी वेगळा ठेवलेला हा स्क्रू, वरून अर्धा लेपलेला, खालून अर्धा उघडा. एकाच पाण्यात पंधरा दिवस होता. वरचा अर्धा पांढरा, खालचा कोरा. बाबा, तुमची हाक खालच्या अर्ध्याला ऐकू आली नाही का?"

"मॅडम, तुम्ही इथे..." बाबांच्या तोंडून निसटलं, आणि हॉलभर कुजबुज झाली, "मॅडम?"

मग भट्टीवाला उठून लोकांकडे वळला. कान लाल झालेले. "स्क्रू मी दिला होता. तुम्हाला निदान माहीत तरी नव्हतं. मी रोज आठ तास जो लेप चढवतो, त्यालाच इथे येऊन हात जोडत होतो! माझ्याएवढा हुशार माणूस सापडायचा नाही. पंधरा दिवस आपण एकाच बरणीकडे बघत बसलो. शेजारी बिनलेपाचा एक स्क्रू टाकून बघू, एवढं कुणालाच सुचलं नाही. डोळ्यांनी बघितलं म्हणजे कळलं, असं नसतं हो. हे नसतं तर काय झालं असतं, तेही बघायचं असतं."

"मग मी पंधरा दिवस काय प्यायले रे?" एका आजींनी विचारलं.

"खारं पाणी, आजी."

"मेल्या, आणि माझं ब्लडप्रेशर!" आजींनी कुबडी उगारली. बाबा जिन्यातल्या चपला तुडवत पसार झाले.

भट्टीवाला दवाखान्यात गेला. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"मला बसवणार त्या खुब्यावर तोच लेप?"

"तोच."

"मग बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"मला आज कळलं."

ताईला हसू आलं, हसताना खुब्यातून कळ गेली आणि तिने त्यालाच एक शिवी हासडली. मग कागद सुलटा केला, पेन मागितलं आणि सावकाश सही केली.

"तुझ्या हातचा असला तरी चालेल मला," ती म्हणाली. "पण त्या बाईंनी तपासलेला हवा."