उजागऱ्यांचा एकेक पदार्थ

सुदर्शन उजागरेचा मागचा नाताळ ऑगस्टमध्ये संपला. म्हणजे मटण, केक, भाच्या-पुतण्यांचे कपडे हे सगळं डिसेंबरातच पोटात आणि अंगावर गेलं होतं, पण क्रेडिट कार्डाचा शेवटचा हप्ता गेला तो ऑगस्टमध्ये. त्याच दिवशी श्रद्धाने, त्याच्या बायकोने, ते कार्ड कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं. "पुढच्या नाताळाला काय वाटेल ते करा, पण उसनं आणून करायचं नाही," ती म्हणाली. सुदर्शन लगेच हो म्हणाला. ऑगस्टमध्ये हो म्हणायला माणसाचं काय जातं?

डिसेंबर तोंडावर आला तेव्हा त्याला ते 'हो' आठवलं. नाताळची उपासना सुटली की सगळे उजागरे चर्चमधून थेट येरवड्याला, थोरल्याच्या घरी जेवायला येणार, ही आईवडील होते तेव्हापासूनची रीत. थोरल्याने करायचं, बाकीच्यांनी जेवायचं, तारीफ करायची आणि जाताना डबा न्यायचा. ही रीत कुणी घातली ते सुदर्शनला ठाऊक नव्हतं, पण ज्याने घातली तो थोरला नसणार एवढी त्याची खात्री होती.

त्याच्या ऑफिसात पार्टीला प्रत्येकजण एकेक डबा आणायचा. कुणाचं काही अडत नसे. मग घरी काय हरकत आहे? त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "यंदा नाताळला सगळ्यांनी एकेक पदार्थ घेऊन यावे, ही विनंती." पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्यात खटकण्यासारखं काही सापडेना, तेव्हा पाठवून दिलं.

पहिला फोन धाकट्या भावाचा, सलिलचा. तो आयटीत, राहायला धायरीला.

"दादा, रिपोर्ट काय आलेत?"

"कसले रिपोर्ट?"

"लपवू नकोस. हार्टचं आहे का? आणि तुला काही नसेल, तर मग वहिनीला काय झालंय?"

कुणाला काही झालेलं नाही, हे सुदर्शनने परोपरीने सांगितलं. सलिल दोनदा 'ओके' म्हणाला, पण आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात.

दुसरा फोन शालनआत्याचा. तिला आजारपणाची शंका आली नव्हती. "तुझ्या बापाच्या घरी पाहुण्याने आपला डबा घेऊन यायचं, हे बघायला मी जगले वाटतं," ती म्हणाली. "ताटवाटी तिथे मिळेल का, तीपण आणू? आणि खरं सांग, तुझं आणि श्रद्धाचं बिनसलंय का?"

"आत्या, सहज आपलं. बदल म्हणून."

"बदल हवा तर पडदे बदल," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुदर्शन चक्रावून गेला. साधं एक वाक्य, आणि त्यातून एकाने हृदयविकार काढला, दुसरीने काडीमोड. खरं कारण कुणाच्या डोक्यात येत नव्हतं, आणि ते काही केल्या त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. परवडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण थोरल्याने ते कसं म्हणायचं? फक्त लोणी काळभोरच्या बहिणीने, नीरजाने, फोन केला नाही. ग्रुपवर नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. निदान हिला तरी समजलं, असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला.

नाताळच्या दिवशी पहाटे कुकरच्या शिट्टीने त्याला जाग आली. स्वयंपाकघरात श्रद्धा पदर खोचून उभी होती.

"अगं, हे काय?"

"थोडा पुलाव करतेय. सगळ्यांनी नुसती कोशिंबीरच आणली तर? चारचौघांत नाक माझं कापलं जाणार, तुमचं नाही."

तो थोडा पुलाव अख्ख्या आळीला पुरला असता. कार्ड कापणारी बाई हीच का, हे सुदर्शनला कळेना. विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

उपासनेनंतर पाहुणे आले. सलिलने केटररकडून बिर्याणीची हंडीच उचलून आणली होती. "तुम्हाला झेपायचं नाही म्हणून मीच सगळ्यांचं आणलं," तो सुदर्शनच्या पाठीवर हलकेच हात ठेवून म्हणाला. शालनआत्याने एक पदार्थ म्हणून करंज्या, शंकरपाळे आणि चिकन असे तीन आणले, कारण एक आणणं तिला कमीपणाचं वाटलं. शेवटी रिक्षातून नीरजा उतरली. एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने तिचा नवरा राकेश, असं दोघांनी धरलेलं मटणाचं भलंमोठं पातेलं घरात आलं. मागून त्यांची दोन्ही मुलं बेकरीचा केक घेऊन आली.

जेवणाआधी प्रार्थना झाली. सलिलने दादाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. आत्याने या घरातला नवराबायकोचा एकोपा टिकावा म्हणून केली. सुदर्शनने मध्येच एक डोळा उघडून सगळ्यांकडे पाहिलं. सगळे मनापासून डोळे मिटून होते. शेवटी त्यानेही आमेन म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

सगळे जेवले, पुन्हा जेवले, आणि तरी भांडी निम्मी भरलेली राहिली. एका घराचा खर्च वाचवायला निघालो आणि चार घरांनी चार पंगतींचा खर्च केला, हे गणित सुदर्शनच्या डोक्यावरून जात होतं. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा नीरजा एकटीच उरलंसुरलं झाकत होती.

"नीरू, एवढं मटण कशाला गं? मी एकच पदार्थ म्हणालो होतो."

"एकच आहे की."

"अगं पण किती ते."

"पंगतीला बसायचं आणि आपल्यापुरतं आणायचं, असं असतं का?"

सुदर्शनला एकदम काहीतरी आठवलं. "राकेशला काम लागलं का?"

"नाही. दिवाळीपासून घरीच आहेत."

"मग हे सगळं?"

नीरजाने झाकण नीट बसवलं. "भिशीतल्या बायकांच्या हातापाया पडून माझा नंबर आधी घेतला. आता वर्षभर भरत बसायचं."

"वेड लागलंय का तुला? मला सांगायचं ना."

"काय सांगायचं, दादा? आम्ही चौघं दरवर्षी हात हलवत येतो, पोटभर जेवतो, वर डबा नेतो. तू कधी बोलला नाहीस. यंदा बोललास."

"मी तुला नव्हतो बोललो."

"मग कुणाला?"

मागच्या वर्षी सुदर्शनने कर्ज काढून बहिणीला जेवू घातलं, ते चुकलं. यंदा कर्ज काढलं नाही, तर ते त्याच्या दारातून निघालं आणि लोणीला बहिणीच्या घरात जाऊन बसलं. मग बरोबर होतं तरी काय? त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी का होईना, इतके दिवस अडकलेलं वाक्य बाहेर पडलं.

"मला परवडत नव्हतं, नीरू. मागच्या नाताळचे पैसे ऑगस्टपर्यंत फेडत होतो."

"मग हेच लिहायचं होतंस ग्रुपवर."

"लाज वाटली."

"मलापण वाटली," नीरजा म्हणाली.

बाहेरच्या खोलीत आत्या श्रद्धाला काहीतरी समजावून सांगत होती. सुदर्शनने आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षी नुसता वरणभात करू. आमच्याकडेच. मी स्वतः सगळ्यांना कारण सांगतो. तू काही आणू नकोस."

"म्हणजे पुन्हा मी हात हलवत यायचं? आता नाही जमायचं ते मला. मी येणारच नाही."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणून तो जास्त घाबरला. नीरजाशिवायचा नाताळ त्याने आजवर पाहिला नव्हता.

"बरं, मग तांदूळ आण," तो घाईने म्हणाला.

"किती?"

"तुमच्या घरी एरवी एका वेळेला लागतात तेवढेच. वर एक दाणा नाही."

नीरजा मनाशी हिशेब करत होती. मग पातेल्याकडे बघतच म्हणाली, "एक वाटी."

घरात माणसं चार, त्यातली दोन वाढत्या वयाची मुलं. थोडे जास्त आण, असं आता सुदर्शनला म्हणायची सोय नव्हती, आणि एवढेच कसे गं पुरतात, असं विचारायची तर त्याहून नव्हती.

"मग एकच वाटी आण," तो म्हणाला. "पण ये."