खरखर तेवढी काढा

दवाखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. दातांचा डॉक्टर, हात हलका, तोंडात बोट घातलेलं कळायचं नाही असा. पण आपण त्याला बारक्याच म्हणू. त्याला बारक्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, त्याचा मोठा भाऊ, आणि ही सगळी रडारड त्या एका हाकेपायी आहे.

बारक्याच्या घरात एक खोली होती. तिच्यात चपला घालून यायचं नाही, चहाचा कप तर दारातसुद्धा आणायचा नाही. भिंतीवर ओळीने इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या. लाल, काळ्या, शेंदरी, एक तर इतकी पिवळीधमक की बघणाऱ्याने डोळे चोळावेत. कोपऱ्यात हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. बारक्या हातमोजे चढवून एकेक उतरवायचा, पुसायचा, उजेडात धरून न्याहाळायचा आणि परत टांगायचा. जुनी मोडकी मिळाली की स्वारी आणखी खूश. स्वतःच्या हाताने ती अशी दुरुस्त करायची की कालच दुकानातून आणली असं वाटावं. वाजवायचा का? ते तेवढं विचारू नका. सांभाळण्यातच सुट्टी संपायची, वाजवणार कधी!

लग्नही केलं नाही त्याने. दादा म्हणायचे, "बायको आणून ठेवणार कुठे? भिंतीवर जागा कुठाय?"

दादांकडे मात्र एकच गिटार. जन्मभर एकच. एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये ते संध्याकाळी वाजवायचे. लोक जेवायचे, गप्पा मारायचे, कुणी ऐकायचं, बहुतेक कुणी ऐकायचं नाही. दादांचं काही अडत नसे. दिवसा घरी शिकवण्या. त्या गिटारीचा मूळचा रंग कोणता, हे वहिनीलाही आठवत नव्हतं. दादांना विचारलं तर म्हणायचे, "चहाचा." जिथे उजवा हात टेकायचा तिथला रंग पार उडून लाकूड उघडं पडलेलं. दांडीवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना, त्या घासून चपट्या झालेल्या. पट्ट्यांच्या मधल्या लाकडात दादांच्या बोटांनी चक्क खळगे पाडले होते. आणि दांडीच्या मागे, अंगठा जिथे यायचा, तिथे लाकूड असं गुळगुळीत बसलेलं, की दुसऱ्या कुणी हातात घेतली तर उगीच परक्याच्या बिछान्यात झोपल्यासारखं वाटायचं.

एकदा बारक्याने आपल्या भिंतीवरची सगळ्यात भारी गिटार उतरवली आणि दादांना नेऊन दिली. कायमची. किती दिवस मनात होतं त्याच्या. दादांनी दोन गाणी वाजवली, सदऱ्याच्या टोकाने तारा पुसल्या आणि परत केली.

"चांगली आहे रे बारक्या. पण ही मला ओळखत नाही."

"गिटार काय ओळखणार, दादा? काहीतरीच तुमचं!"

"तुझ्या एवढ्या आहेत ना? त्यांतली एक तरी तुला ओळखते का, विचार घरी जाऊन."

बारक्या हसला खरा, पण ते त्याला लागलं. दादा जेव्हा हॉटेलात वाजवायला लागले तेव्हा बारक्याही शिकत होता त्यांच्याकडे. मग दातांचं शिक्षण आलं, दवाखाना आला, बोटं मऊ पडली. शिकायचं राहिलं ते राहिलंच. पुढे पैसा हातात आला तसा तो एकेक गिटार घेत गेला. जी जागा एका गिटारीने भरली असती तिथे त्याने भिंत भरली, आणि तरी ती जागा रिकामीच राहिली. हे त्याला कळत होतं. बोलायचं कुणाशी?

मग दादा विसरायला लागले.

आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. हॉटेल सुटलं, शिकवण्या सुटल्या. वहिनीला ते कधी बायको समजायचे, कधी जेवण वाढणारी कुणी भली बाई. दर रविवारी संध्याकाळी बारक्या जायचा. दार वहिनी उघडायची. दादा खुर्चीतून वर बघायचे आणि अदबीने म्हणायचे, "या, बसा. कुणाकडे आलात?" सख्खा भाऊ तो! पण बारक्या समोर बसून राहायचा, कारण पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असायचं.

वहिनी गिटार आणून दादांच्या मांडीवर ठेवायची. हात त्या उघड्या लाकडावर टेकायचा. अंगठा मागे जाऊन आपल्या जागी बसायचा. बोटं खळग्यांत उतरायची आणि चालायला लागायची. डोक्यातलं सगळं पुसलं तरी बोटांना वाट पाठ होती. एक गाणं व्हायचं, दुसरं व्हायचं, कधी तिसरं. आणि मधेच, न थांबता, मान वर करून दादा म्हणायचे, "अरे बारक्या! कधी आलास? दार लाव ते, वारा येतोय."

बस. एवढंच. थोड्या वेळाने ते पुन्हा विसरायचे. पण त्या एका वाक्यावर बारक्याचा आठवडा निघायचा. डॉक्टर असून तो इतर काही उपाय विचारायचा नाही. त्याला फक्त रविवार हवा असायचा.

एका रविवारी गिटार कुरकुरायला लागली. आवाज तुटायचा, मधेच खरखर, मधेच गप्प. दादा चिडले, वायर ओढायला लागले. वहिनी घाबरली.

"भाऊजी, घेऊन जा आणि खरखर तेवढी काढा," ती म्हणाली. "लगेच आणून द्या हं. हिच्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही."

"उद्याच देतो, वहिनी. ते काय काम आहे!"

काम काहीच नव्हतं. आत एका वायरीचा डाख निखळला होता. बारक्याने तो जोडला, तार छेडली, आवाज स्वच्छ. तिथेच गिटार पिशवीत घालून निघाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हौस! माणसाची हौस त्याला सुखाने बसू देते का कधी?

आतल्या वायरींसाठी वरचं झाकण काढलं होतं ना, त्याच्याखाली उजेड न लागलेला एक तुकडा रंग होता. आकाशी. नवा कोरा आकाशी. बारक्या बघतच राहिला. दादांनी पहिल्यांदा ही गिटार घरी आणली तेव्हा ती अशी होती! त्याला आठवलं, तेव्हा तो इतका लहान होता की पेटी उघडल्यावर आत कुणी झोपलंय असं वाटून मागे सरला होता. डोळे भरून आले त्याचे. दादांना ही पुन्हा अशीच करून द्यायची, त्याने ठरवलं. जन्मभर त्यांनी आपल्यासाठी केलं, आपण काय केलं? त्यांनी कधी काही मागितलंच नाही. आता हे करू.

आणि बारक्या कामाला लागला. तोंडाला मास्क, डोळ्यांवर भिंग, दवाखान्यातली बारीक हत्यारं. झिजलेल्या पट्ट्या एकेक करून उपटल्या. मधल्या लाकडातले खळगे दिसले, आणि दातांच्या डॉक्टरला खळगा दिसला की तो काय करणार? भरणारच. आयुष्यभर तेच केलं त्याने. साफ केले, भरले, घासून सपाट केले, वर बोट फिरवून बघितलं, कुठे काही लागत नाही ना. मग नव्या पट्ट्या बसवल्या. दांडीची मागची बाजू पॉलिश पेपरने सारखी करून घेतली. उघडं पडलेलं लाकूड बुजवलं, आकाशी रंगाचे हात दिले, वर चकाकी चढवली. इतकं मन लावून त्याने आजवर कुठलंच काम केलं नव्हतं.

वहिनीचे फोन यायचे. "भाऊजी, झाली का? ते नुसतेच मांडीवर हात धरून बसतात. शोधतात हो घरभर."

"होतच आली, वहिनी. बघाच तुम्ही, ओळखणार नाही!"

अरे देवा, काय बोलून गेला तो.

एक रविवार चुकला, मग दुसरा. रंग वाळायला वेळ लागतो, त्याला काय करणार. शेवटी एका रविवारी तो गेला. लहान मूल बक्षीस घेऊन घरी येतं तसा जिना चढला. दादा खुर्चीत होते, थोडे वाळलेले, दाढी वाढलेली.

"या, बसा. कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," बारक्या म्हणाला आणि पेटी उघडली.

दादांचा चेहरा फुलला. "वा! वा! काय सुंदर आहे!" त्यांनी दोन्ही हातांनी ती उचलून मांडीवर घेतली. बारक्याने वहिनीकडे बघितलं. ती बघत होती ती दादांच्या अंगठ्याकडे. अंगठा दांडीच्या मागे गेला, वर सरकला, खाली सरकला. जागा सापडेना. उजवा हात टेकला आणि चकाकीवरून निसटला. बोटांनी तारा दाबल्या, सूर उमटला, शुद्ध, खणखणीत, खरखरीचा मागमूस नाही. दादा थांबले. पुन्हा दाबल्या. पुन्हा थांबले. मग बोटांकडे असे बघायला लागले, जणू ती दुसऱ्याची आहेत.

त्यांनी सदऱ्याचं टोक ओढलं, तारा पुसल्या, आणि गिटार बारक्यासमोर धरली.

"छान आहे हो तुमची. जपून ठेवा."

"दादा, ही तुमची आहे."

"नाही नाही. माझी भावाकडे आहे. दुरुस्तीला नेलीये त्याने." ते समजुतीने हसले. "येईल घेऊन. वस्तू फार नीट ठेवतो तो."

"दादा, अहो मीच नेली होती. मी बारक्या!"

दादांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. केस पिकलेला, चष्मा लावलेला गृहस्थ. त्यांना वाईट वाटलं असावं त्याचं. "तुम्ही थकलेले दिसताय," ते म्हणाले. "पाणी देऊ?"

बारक्या स्वयंपाकघरात गेला. वहिनी ओट्याला धरून उभी होती. तिने आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"खरखर काढायला दिली होती, भाऊजी. खरखर तेवढी."

"वहिनी, मला वाटलं..."

"ते खळगे म्हणजे तेच होते हो. तुम्ही त्यांचा हातच घासून टाकलात."

काढलेल्या पट्ट्या त्याने जपून ठेवल्या होत्या. जुना स्क्रूसुद्धा टाकत नाही तो. पण घासून गेलेलं लाकूड धूळ होऊन केराबरोबर गेलं होतं, ते कुठून आणणार?

तरी त्याने हातपाय मारले. भिंतीवरच्या गिटारी एकेक करून नेल्या. लाल नेली, काळी नेली, ती पिवळीधमकही नेली. एखादी तरी दादांच्या हातात बसेल. प्रत्येक वेळी दादा मांडीवर घ्यायचे, अंगठ्याने जागा शोधायचे, तारा पुसून परत द्यायचे. "छान आहे हो तुमची." एवढ्या गिटारींचा तो मालक, आणि सगळ्या मिळून त्याला एक हाक मिळवून देऊ शकल्या नाहीत. ओक्साबोक्शी रडला तो त्या खोलीत, चपला घालूनच.

मग त्याने ती आकाशी गिटार स्वतः वाजवायला घेतली. दवाखाना सुटला की दादांच्या घरी जायचं आणि त्यांच्यासमोर बसून वाजवायचं. त्याला वाटलं, घासून घासून पुन्हा तसे खळगे पाडू. वेडेपणाच तो, आणि ते त्यालाही कळत होतं. दादांचे खळगे दादांच्या बोटांचे होते आणि त्यांना एक अख्खा जन्म लागला होता. पण घरी स्वस्थ बसवतही नव्हतं. मऊ बोटं सोलून निघाली, मग तिथे घट्टे पडले. वहिनी आधी दाराशी थांबायचीसुद्धा नाही. पुढे पुढे ती त्याच्याजवळ चहाचा कप आणून ठेवायला लागली.

दादा मान कलती करून ऐकायचे. एके दिवशी राहवेना त्यांना. उठून आले, त्याचा अंगठा धरून खाली सरकवला.

"इथे ठेवा. अहो, आवळू नका एवढी, पळून चाललीये का ती?"

बारक्या लहान असताना अगदी हेच, याच शब्दांत सांगायचे ते. तो मान खाली घालून वाजवत राहिला. डोळ्यांतलं पाणी टपटप त्या चकाकीवर पडत होतं, आणि चकाकीला काही म्हणजे काही होत नव्हतं.

"जमेल तुम्हाला," दादा म्हणाले. "हात चांगला आहे. माझ्या भावाचा असाच होता. अर्ध्यातच सोडलं त्याने. मी काही बोललो नाही. वाटायचं, येईल परत आपणहून."

बारक्याने गिटार पेटीत ठेवली, वहिनीचा निरोप घेतला, चपला घातल्या. दादा दारापर्यंत आले. आताशा रोज यायचे, आणि रोज त्याच्या दंडाला हात लावून तेच सांगायचे.

"वाटेत माझा भाऊ भेटला तर सांगाल ना? बारक्या म्हणतात त्याला. म्हणावं, घाई नाही. दुरुस्त झाली नसली तरी चालेल, तशीच घेऊन ये. मी जागाच आहे."

"सांगतो," बारक्या म्हणाला, आणि वारा येत होता म्हणून दार ओढून घेतलं.