एक इंच कमी

मी शिंपीणबाईच्या गळ्यातली टेप बोलतेय. पिवळी, कापडी, साठ इंचांची. खरं म्हणजे एकोणसाठ. तो एक इंच गेला नसता तर मला तुमच्यापाशी तोंड उघडायची वेळच आली नसती.

कारखान्यात अंगावर आकडे छापले तेव्हा मला फार ऐट आली होती. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, अंग गुळगुळीत. बाईने पहिलं शिलाई मशीन घेतलं त्याच दिवशी मलाही घेतलं. त्याला वीस वर्षं झाली. माणसं मला फार जवळून ठाऊक आहेत. कंबर मोजायला घेतली की श्वास आत ओढतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. बाई उलट बोलत नाही. माप घेतानाच गुपचूप दोन बोटं जास्त धरते.

एकदा कामाच्या घाईत गरम इस्त्री माझ्या टोकावर राहिली. पट्टी गळून पडली, पहिला इंच करपला. बाईने कात्रीने बरोबर एकच्या रेघेवर मला कापलं. "जाऊ दे, एक वजा केला की झालं," म्हणाली. तेव्हापासून माझ्यावर छत्तीस दिसले की ती पस्तीस लिहायची. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, मला दुसरं कोण हात लावत होतं?

घरात माणसं तीनच. बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याची आई. बाई नवऱ्याला अहो म्हणते, म्हणून मीही अहोच म्हणते. ते बसडेपोत मेकॅनिक आहेत. आई पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. पण हातात जोर होता. बाथरूमचं दार काढून तिथे पडदा लावला होता. आई स्वतः खुर्ची आत न्यायच्या, दांडा धरून उठायच्या, सगळं आपलं आपण उरकून बाहेर यायच्या. वर बाईला ऐकवायच्या, "तुझ्याआधी माझी आंघोळ झाली बघ."

मग घरमालकाला घर परत हवं झालं. दीड महिन्याची मुदत मिळाली.

एजंटने दोन घरं दाखवली. एक बाजारामागच्या गल्लीत, एक तलावाकडच्या नव्या वसाहतीत. बाईने कपड्याचे नमुने कापायचा खाकी कागद पसरला, मध्ये खडूने रेघ मारली आणि दोघं नवराबायको भांडायला बसली. बाजाराकडे तळमजला, समोर डॉक्टर, औषधाचं दुकान, बाईची सगळी गिऱ्हाइकं चालत येतील अशी. पण खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत, दिवसाही दिवा लागणार आणि पहाटेपासून टेम्पोचे हॉर्न. तलावाकडे चौथा मजला, लिफ्ट, गॅलरी, झाडं, अहोंचा डेपो दहा मिनिटांवर. पण साधं दूध आणायचं तर बस पकडा. आणि सगळ्यांची दारं बंद.

"तिथे हवा आहे," अहो म्हणाले.

"हवा काय कपडे शिवायला टाकणार आहे?"

"आईला दिवसभर भिंत बघत बसवायचं का मग?"

"आणि तिथे मी बोलू कुणाशी?" आई मध्येच म्हणाल्या. "लिफ्टशी?"

तिघंही हसली. मग आईंनी खुर्ची कागदापर्यंत आणली. "तुमचं चालू द्या. माझं एकच आहे. जिथे मला बाथरूमला माझी मी जाता येईल, तिथे न्या. मला उचलून न्यायची पाळी कुणावर येऊ देऊ नका."

यावर कुणी वाद घातला नाही. बाईने मला घेऊन खुर्ची मोजली. एक वजा करून पंचवीस इंच. बाजाराकडच्या बाथरूमचं दार तिनेच जाऊन मोजलं. साडेपंचवीस. "जाईल, पण जेमतेम. बोटं सोलवटतील," ती म्हणाली. तलावाकडच्या घराची किल्ली बुधवारीच मिळणार होती आणि बुधवारी बाईला शाळेचे साठ गणवेश द्यायचे होते. म्हणून अहो गेले. मला शर्टाच्या खिशात घालून.

त्यांनी माझं कापलेलं टोक चौकटीला लावलं, मला ताणलं, वाकून पाहिलं. सव्वीस. पुन्हा मोजलं. सव्वीस. तळहातावर लिहून घेतलं. मी किती तडफडले सांगू. एक वजा करा हो, एक वजा करा. पण मला आकडे दिलेत, आवाज नाही दिला.

"सव्वीस आहे!" अहो दारातूनच म्हणाले.

मशीन न थांबवता बाईने विचारलं, "नीट मोजलंत ना?"

"दोनदा."

वीस वर्षं एका घरात राहणाऱ्या माणसाला माझी खोड माहीत असणारच, असं तिने धरलं. त्यांना वाटलं, टेप म्हणजे टेप. आईंच्या बोटांना अर्धा इंच जास्त मिळतोय म्हणून तलावाकडचं घर ठरलं. बाजाराकडचं त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

सामान आलं त्या दुपारी आई म्हणाल्या, "आधी माझी खोली दाखवा," आणि बाथरूमकडे निघाल्या. खुर्ची दारात घुसली आणि दोन्हीकडून अडकली. आईंनी जोर लावला. मागे घेतली, पुन्हा लावला. बोटांची सालं निघाली. बाईने मला गळ्यातून काढून चौकटीला लावलं, सव्वीस वाचलं आणि खालीच बसली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही एक वजा केला नव्हता?"

"कसला एक?"

मग सगळे उपाय झाले. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पाइप. मालक म्हणाले, भिंतीला हात लावायचा नाही. आईंना पेलेल अशी अरुंद खुर्ची मिळाली नाही. करार दोन वर्षांचा. अहो नवी लोखंडी टेप घेऊन आले आणि ती कुणी उघडलीसुद्धा नाही.

आता बाई आईंना काखेत धरून नेते. आई डोळे मिटून घेतात. पहिल्या आठवड्यात "सूनबाई, येतेस का?" अशी हाक दिवसातून पाच वेळा यायची. मग तीन वेळा. आता दोनदा. बाईला वाटलं, सवय होतेय. पण मी समोरच्या खुंटीवर लटकलेली असते, मला दिसतं. आई पाण्याचा पेला गॅलरीतल्या कुंडीत ओततात. जेवण अर्धं ठेवतात. हाक मारावी लागू नये म्हणून.

परवा बाईने आईंसाठी गाऊन शिवायला घेतला. खूप दिवसांनी मला खुंटीवरून काढलं आणि आईंच्या छातीभोवती फिरवलं. सदतीस दिसले. तिने एक वजा केला, छत्तीस. वहीत पाहिलं. जुन्या घरात चाळीस होते. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिने वहीतले चाळीस आईंना दाखवले.

"अगं, तुझी टेपच खोटी," आई हसून म्हणाल्या. "माहीत आहे ना तुला?"

बाईने मला गुंडाळलं आणि त्यांचं म्हणणं मानून चाळीसचाच गाऊन बेतायला घेतला.

बाई, मी हात जोडते, जोडायला हात नाहीत तरी जोडते. त्या दिवशी मी चुकवलं, कबूल. पण या वेळी मी खरं सांगतेय. एकदा वजा केलास तेवढं बरोबर आहे. आई छत्तीसच उरल्यात.