काकडीचा वास

कोथरूडच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत समुद्राचं तपकिरी शेवाळ वाढवलं होतं, जपानी लोक सुपात घालतात ते. सलीमा तीन महिने रोज सकाळी दहाला त्याची एक पात कात्रीनं कापायची. पात कापली की तिच्यातली विकरं तिथली मेदाम्लं तोडायची आणि खोलीभर काकडीचा वास सुटायचा. कापल्याशिवाय तो येणं शक्यच नव्हतं.

सोमवारी तिनं दार उघडलं आणि तोच वास नाकात शिरला. टाकीतली एकूणएक पात धड होती. पंखा लावून ती तडक लवाटे सरांना बोलवायला गेली.

सर आत जाऊन टाकीवर वाकले. सलीमा दाराबाहेरच थांबली.

“कसला वास न् कसलं काय! काय हो सलीमाबाई, डब्यात कोशिंबीर आणलीत वाटतं?”

सलीमाचं डोकं सणकलं. ती तरातरा आत आली.

सरांचं हसू विरलं. टाकीभोवती काकडीचा वास दाटून आला होता.

“कशाला हात लावलात का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही सर. कात्रीसुद्धा खिशातच आहे,” म्हणत सलीमानं ती चाचपली.

वास एकदम दुप्पट झाला.